टेरी मागासाठी शिकाऊ जॉबर: विद्यावेतनाचा हिशेब जमतो, शिकवायची जागा कुठून आणायची?

पूर्वभाग_टॉवेल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टेरी (लूपवाल्या) टॉवेलचं युनिट. २४ शटलचे (धोट्याचे) माग, ८ रेपियर (धोट्याऐवजी दांड्याने आडवा धागा नेणारे). पटावर २१ माणसं आणि ठेकेदाराकडची १३. विणकर मिळतात, जॉबर (माग जुळवणारा, दुरुस्त करणारा कारागीर) मिळत नाही. म्हणून दोन-तीन पोरं शिकाऊ उमेदवार म्हणून रीतसर करार करून घ्यायची आहेत. विचारायचं ते असं:

आम्हाला हे बंधनकारक आहे की ऐच्छिक? विद्यावेतनातलं सरकार किती देतं आणि ते कुणाच्या खात्यात जातं? दहावी न झालेला चालतो का? आणि मुख्य म्हणजे मूलभूत प्रशिक्षण कुठे द्यायचं? आयटीआयमधून फिटर झालेला पोरगा मागासमोर उभा केला की त्याला पहिल्यापासूनच शिकवावं लागतं.

---

कागदी_घोडा

मालक, आधी बंधनाचं. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ असतील तर मर्जी. या संख्येत ठेकेदाराची माणसंही धरतात. ‘आमचे पटावर २१च’ म्हणून बरेच जण गाफील राहतात, तिथेच चुकतं. तुमचे ३४. २.५ टक्के म्हणजे ०.८५, धरा एक. १५ टक्के म्हणजे ५.१, धरा पाच. एक ते पाचच्या मध्ये कितीही घ्या.

जागा रिकामी ठेवली तर कलम ३० खाली दंड आहे: प्रत्येक कमी उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५००, त्यापुढे दरमहा १,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण बाकीची तपासणी त्याच्या मागोमाग येते.

किमान विद्यावेतन, २०१९ च्या नियमांप्रमाणे दरमहा:

पाचवी ते नववी: ५,०००
दहावी: ६,०००
बारावी किंवा आयटीआय: ७,०००
पदविका: ८,०००
पदवी: ९,०००

दुसऱ्या वर्षी यावर १० टक्के वाढ. म्हणजे दहावी नसलेलाही चालतो, पाचवी पास हवा.

केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून (एनएपीएस) किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के मिळतात, पण दरमहा १,५०० च्या वर नाही. २०१६ ला योजना आली तेव्हा मालकाने पूर्ण पैसे द्यायचे आणि नंतर परतावा मागायचा, अशी पद्धत होती. दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. तुम्ही फक्त तुमचा वाटा भरायचा.

दहावीवाल्याचा हिशेब: पहिलं वर्ष ६,००० वजा १,५००, म्हणजे तुमचे ४,५००; १२ महिन्यांचे ५४,०००. दुसरं वर्ष ६,६०० वजा १,५०० (२५ टक्क्यांनी १,६५० होतात, पण मर्यादा आड येते), म्हणजे ५,१००; वर्षाचे ६१,२००. दोन वर्षांचे एका पोरामागे १,१५,२००. कमिशन, जेवण, सायकल-भत्ता ज्याचा त्याचा.

२०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली आहे: ५,००० चे ६,८०० आणि ९,००० चे १२,३००. करार करायच्या दिवशी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर कोणता दर चालू आहे ते बघूनच आकडा टाका. १,५०० ची मर्यादा तीच राहिली तर वाढ सगळी मालकाच्या खिशातून, हेही हिशेबात धरा. शिवाय एनएपीएसचा दुसरा टप्पा २०२५-२६ पर्यंतचा आहे, तेव्हा त्यापुढच्या महिन्यांसाठी केंद्राचा वाटा गृहीत धरू नका.

---

पूर्वभाग_टॉवेल

आभार. खात्यात पैसे अडकतात असं ऐकतो, ते का?

---

कागदी_घोडा

तीन कारणं, आणि तिन्ही टाळता येतात.

एक, पोराचं खातं आधारशी ‘जोडलेलं’ असतं, पण थेट लाभासाठी मॅप केलेलं नसतं. बँकेतला माणूस ‘लिंक आहे’ म्हणतो, तरी पैसे येत नाहीत. कारण आधार दुसऱ्याच, जुन्या खात्याला मॅप झालेलं असतं. कराराच्या आधीच बँकेत एनपीसीआय मॅपिंगचा अर्ज द्या.

दोन, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव. सोलापूरच्या पूर्व भागात हे सर्रास: आडनाव एकीकडे पुढे, दुसरीकडे मागे, वडिलांचं नाव तेलुगू पद्धतीने एका अक्षरात. आधी आधार दुरुस्त करा, मग पोर्टलवर नोंदणी. उलट केलंत तर करारच नव्याने करावा लागतो.

तीन, तुमचा वाटा रोखीने दिला. रोखीचा पुरावा पोर्टलवर चढत नाही. बँकेतूनच द्या आणि त्या महिन्याची हजेरी त्याच वेळी भरा. तुमची नोंद नसेल तर केंद्राचा वाटाही हलत नाही.

पीएफ आणि ईएसआयमधून अधिनियमाखालचे उमेदवार वगळलेले आहेत. पण काम करताना इजा झाली तर कलम १६ ने भरपाई तुमच्यावर आहे. आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदीही त्याला लागू. नुकसानभरपाईची विमा पॉलिसी असेल तर त्यात उमेदवारांची संख्या वेगळी लिहून घ्या. टेरी मागावर धोटा उडतो तेव्हा तो उमेदवार की कामगार हे बघत नाही.

ओव्हरटाइम मात्र शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय नाही.

---

सत्तरफूट

एवढा उपद्व्याप कशाला? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पोरं घ्या. पैसे सरकार देतं, बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. आपल्या खिशातून काही नाही.

---

कागदी_घोडा

ती २०२४ ची राज्याची योजना, मूळ सहा महिन्यांची. नंतर अकरा महिने केली. तो कार्यानुभव आहे, शिकाऊ उमेदवारी नव्हे. अधिनियमाखालचा करार होत नाही, शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र नाही आणि तुमची २.५ टक्क्यांची जागाही भरत नाही. ऑफिसात, घडी-पॅकिंगला ठीक. सहा महिन्यांत जॉबर तयार होतो म्हणणाऱ्याने आधी तयार झालेला दाखवावा. शिवाय ती बारावीपासून सुरू होते. मागावर टिकणारी पोरं बहुतेक दहावीच्या अलीकडची.

---

शिल्पनिदेशक

मूळ प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, त्यावर लिहितो.

पैसा कमी पडतो हे खरं, पण जागा त्याहून कमी आहे. पहिल्या टप्प्यात नवख्या उमेदवाराच्या ५०० तासांच्या मूलभूत प्रशिक्षणाला केंद्र ७,५०० रुपयांपर्यंत द्यायचं. म्हणजे तासाला १५ रुपये. वेल्डरच्या किंवा वायरमनच्या तुकडीला ते कसंबसं पुरतं. मागाच्या तुकडीचा हिशेब करून बघू.

२० जणांची तुकडी. ५०० तासांतले ३५० तास प्रात्यक्षिक. शाळेत चार माग असले तर एका मागावर पाच जण. एकाच्या हातात माग येतो ७० तास, बाकी २८० तास तो दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतो. जॉबरचं काम बघून येत नाही, पाना हातात घेऊनच येतं. चारचे आठ माग केले तर १४० तास होतात, पण मग दुसरा निदेशक हवा. आठ मागांवर एकच माणूस ठेवला तर ज्या मागावर तो नाही तिथे पोरं बटण दाबतात आणि धोटा अडकला की ओढतात. मग निम्मा दिवस पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) आणि लेदर बदलण्यातच जातो.

सूत धरा. माग मिनिटाला १२० फेऱ्यांवर, इंचाला ४० आडवे धागे: तासाला १८० इंच, साधारण ४.५७ मीटर. शिकाऊ हातात कार्यक्षमता ४० टक्के धरली तर १.८३ मीटर. पाऊण मीटर पन्हा, चौरस मीटरला ४०० ग्रॅम, म्हणजे तासाला अर्धा किलोच्या वर सूत. चार माग गुणिले ३५० तास, ७६० किलोच्या पुढे. किलोला २०० रुपये धरले तरी दीड लाख. वीस जणांचं ७,५०० ने अनुदान किती? दीड लाख. निदेशकाचा पगार, वीज, सुटे भाग कशातून?

म्हणून संस्था मागाच्या तुकडीच्या वाटेला फारशा जात नाहीत.

---

फणीकर

सर, सुताचा आकडा फुगलाय. ३५० तास माग चालतच नाही. जॉबरच्या तुकडीत अर्धा वेळ माग उघडलेला असतो, टायमिंग, फणी, बीमची (उभ्या तारा गुंडाळलेल्या रुळाची) जोडणी. चालण्याचे तास निम्मे धरा: ३८५ किलो, ७७ हजार. निघालेला टॉवेल पुसणीच्या फडक्याच्या भावाने तरी जातोच. आणि पहिले ४० तास सुताला हात लावायचीच गरज नाही, जुन्या बीमच्या उरलेल्या टोकांवर गाठी मारून घ्या.

गाठीचंच बघा. विणकरी गाठीची शेपटी ३ ते ४ मिलिमीटर. लांब राहिली तर वहीच्या (तारा ओवायच्या चौकटीच्या) डोळ्यात अडकून शेजारची तार तोडते, आखूड कापली तर ताण पडल्यावर सुटते. नवा पोरगा पहिल्या आठवड्यात हटकून लांब ठेवतो, कारण सुटलेली गाठ लगेच दिसते आणि शेजारची तुटलेली तार दहा मिनिटांनी.

---

शिल्पनिदेशक

मान्य, ७७ हजार धरू. तरी अनुदान अर्धं गेलंच. एका निदेशकाचा तीन महिन्यांचा पगार उरलेल्यात बसवून दाखवा.

---

फणीकर

बसत नाही, हे कबूल. म्हणूनच मला वाटतं शाळेत माग शिकवायचा हट्ट सोडावा. शाळेत मोजमाप, पाने-हत्यारं, बेअरिंग, मोटर, सुरक्षा आणि कागदावरचं टायमिंग एवढंच द्या, १५० तासांत. बाकी मागाजवळ.

सोलापुरात जॉबर गिरणीत तयार व्हायचे. १८७७ ला सुरू झालेली जुनी गिरणी, नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. शेकडो मागांच्या खात्यात हाताखाली चार पोरं फिरायचीच. गिरण्या बंद पडल्या आणि ही विनापैशाची शाळाही गेली. चार-आठ मागांच्या शेडमध्ये हाताखाली ठेवायला फालतू माणूस परवडत नाही. कुठल्याही योजनेत याची किंमत धरलेली नाही.

---

पूर्वभाग_टॉवेल

मग आमच्याकडे नक्की काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमाने? लिहून द्यावं लागतं ना पोर्टलवर?

---

कागदी_घोडा

हो. ‘निर्देशित’ व्यवसायाचा अभ्यासक्रम सरकारचा. ‘वैकल्पिक’ व्यवसायाचा तुम्ही स्वतः आखू शकता, सहा महिने ते तीन वर्षं. तुमच्यासाठी वैकल्पिकच सोयीचा. अभ्यासक्रमात यंत्रांची यादी, तासांची विभागणी आणि कोण शिकवणार ते लिहा. आयटीआय फिटर घेतलात तर त्याचं मूलभूत प्रशिक्षण झालेलं धरतात, तोही पर्याय ठेवा. विद्यावेतन थोडं जास्त, कागद कमी.

---

फणीकर

क्रम माझ्या मते असा. वाद घालायला मोकळीक.

पहिले दोन महिने वहिफणी, म्हणजे तारा वहीतून आणि फणीतून ओवणं. ४० ची फणी म्हणजे दोन इंचात ४० घरं, दर घरात दोन तारा. म्हणजे इंचाला ४० तारा. ३० इंची टॉवेलला १,२०० तारा, त्यात ६०० ग्राउंडच्या (कापडाच्या पायाच्या), ६०० पाईलच्या (लूपच्या). दर घरात एक ग्राउंड, एक पाईल. पोराने एकट्याने पूर्ण बीमच्या तारा ओवाव्यात आणि मोजून घ्याव्यात. एक घर सुटलं तर बीम संपेपर्यंत टॉवेलवर उभी रेघ जाते. रेघ नेमकी कुठल्या घराची हे त्यालाच शोधायला लावा. चूक शोधता आली की भरणी आली.

तिसरा-चौथा महिना टायमिंग. क्रँकच्या चाकावर खडूने अंश आखा, फणीचा ठोका बसतो तिथे शून्य. साधारण ८० अंशावर पिकिंग (धोटा फेकणं) सुरू, ११० च्या आसपास धोटा तारांच्या फटीत शिरतो, २४०-२५० ला बाहेर. चाक हाताने फिरवत हे बघायचं, मोटर बंद ठेवून. धोटा उडाला की नवशिक्या आधी पिकिंगचा जोर वाढवतो. बहुतेक वेळा कारण जोराचं नसतं: फट नीट उघडत नाही, खालच्या तारा सैल आहेत किंवा पेटीतला पट्टा झिजून धोटा हलतोय. जोर वाढवला की काठी मोडते आणि धोटा आणखी लांब जातो.

पाचवा ते आठवा महिना टेरी. इथे जरा थांबतो, कारण टॉवेलची किंमत इथेच ठरते.

तीन धाग्यांच्या टेरीत पहिले दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून लांब ठोकले जातात, तिसऱ्याला फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही एकत्र सरकतात. ग्राउंडच्या तारा ताठ असतात म्हणून जागेवर राहतात, पाईलच्या सैल असतात म्हणून वर उचलल्या जाऊन लूप होतात. कडेपासून सोडलेलं अंतर ८ मिलिमीटर असेल तर लूप ढोबळमानाने ४ मिलिमीटर उंच, कारण एका लूपला दोन पाय असतात.

आता बिघाड. लूप पूर्ण पन्ह्यात ठेंगणे: अंतर कमी झालंय किंवा पाईल बीमचा ताण जास्त आहे. एकाच बाजूला ठेंगणे: फणी समांतर मागे जात नाही, त्या बाजूचा सांधा झिजलाय, तिथे ताणाशी खेळू नका. टॉवेलवर आडवे पट्टे, दोन इंच उंच आणि दोन इंच ठेंगणे: पाईल बीम झटक्याने सुटतोय. ब्रेकचा पट्टा काढा, त्यावर तेल आणि कापसाची धूळ मिळून चिकटा झालेला असतो. पुसून कोरडा करा, घट्ट करू नका. घट्ट केलात तर दोन दिवस बरा चालेल आणि मग सगळेच लूप ठेंगणे.

हे तिन्ही बिघाड मुद्दाम करून ठेवायचे आणि पोराला शोधायला लावायचे. परीक्षा हीच.

नवव्या महिन्यापासून रेपियर. आधी नको. रेपियरवर सेन्सर माग थांबवतो, त्यामुळे का थांबला हे पोरगा विचारतच नाही.

---

धोटा२

रेपियर शेवटी, याला माझा विरोध. पुढच्या पाच वर्षांत शटल किती राहणार? दोन वर्षांतले आठ महिने त्याला मरणाऱ्या मागावर कशाला घालवायला लावायचे?

---

फणीकर

तुमच्याकडे फक्त रेपियर असतील तर बरोबर. इथे २४ विरुद्ध ८ आहेत. आणि लूपचं गणित दोन्हीकडे तेच.

---

हातमाग_भिंतचित्र

हातमागवाल्यांनी काय करायचं? पीएम विश्वकर्मामध्ये बसतो का आम्ही? प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि १५,००० ची हत्यारं मिळतात म्हणे.

---

कागदी_घोडा

अण्णा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, हार गुंफणारा माळी, धोबी, मासेमारीची जाळी विणणारा सुद्धा. हातमाग विणकर नाही. टोपली-चटई विणणारा आहे, कापड विणणारा नाही. शिंपी म्हणून अर्ज भरून बघू असं काही जण म्हणतात. करू नका, पडताळणीत हत्यारं आणि काम बघतात. आणि त्यातलं मूळ प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, पुढचं १५ दिवसांचं. त्यात हातमागावर भिंतचित्र विणणारा माणूस घडत नाही.

तुमच्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाची समर्थ योजना जवळची. संघटित क्षेत्रातली सूतकताई आणि विणकाम तिच्यात नाही, पण हातमाग आहे. विचारणा सोलापूरच्या प्रादेशिक उपायुक्त, वस्त्रोद्योग यांच्याकडे करा. तांत्रिक मदतीची केंद्राची विणकर सेवा केंद्रं महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला आहेत. दोन्ही सोलापूरला लांब, ही अडचण आहेच.

---

शिल्पनिदेशक

समर्थमध्ये एक खाच आहे. हजेरी आधारच्या बायोमेट्रिकवर. कांडी भरून आणि रंगात हात घालून बोटांचे ठसे पुसट झालेल्या बायकांची हजेरी लागत नाही, आणि हजेरी नाही तर संस्थेचा हप्ता नाही. तुकडी सुरू करायच्या आधी प्रत्येकीचे सगळ्या बोटांचे ठसे तपासून, जे लागतं ते बोट लिहून ठेवा. कोणतंच लागत नसेल तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यायला आधीच पाठवा.

---

सुईदोरा

गणवेशाच्या शिलाई युनिटला हे सगळं लागू होतं का? १८ मशीन, २२ बायका.

---

कागदी_घोडा

ताई, २२ म्हणजे ऐच्छिक. घेतलेत तर कमाल १५ टक्के, ३.३, म्हणजे तीन. शिलाई मशीन चालवण्याचा वैकल्पिक व्यवसाय चालतो. हंगाम बघून करार करू नका; जूनची गर्दी संपली म्हणून ऑगस्टमध्ये पोरीला सोडता येत नाही. मुदतीआधी करार मोडला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

---

पूर्वभाग_टॉवेल

एक अडचण उरते. वार्पिंग (बीमवर तारा गुंडाळणं) आम्ही बाहेरून करून घेतो, रंगाई पण. जॉबरला बीम कसा भरला जातो हे माहीत नसेल तर तो सगळा दोष मागाला देतो.

---

कागदी_घोडा

अधिनियमाच्या कलम ८ मध्ये सोय आहे. अनेक मालकांना एकत्र येऊन उमेदवार एकमेकांच्या आस्थापनांत फिरवत प्रत्यक्ष प्रशिक्षण देता येतं. सोलापूरसाठी हे कलम शिवून घेतल्यासारखं आहे, आणि वापरतात फार थोडे. एक वार्पिंगवाला, एक डाय हाउस (रंगाईवाला), दोन-तीन शेड. करार एकाच्या नावाने. फिरतीचं वेळापत्रक अभ्यासक्रमातच लिहा, नाहीतर तिकडे इजा झाली तर विमा कंपनी विचारते, तो तिथे काय करत होता. इजेची जबाबदारी कुणाची, हेही मालकांनी आपसात लिहून ठेवा.

---

फणीकर

वार्पिंगला पाठवाल तेव्हा पाईलचा बीम भरताना पाठवा, ग्राउंडचा नाही. बीम सैल भरला की मागावर काय होतं हे पाईलवर लगेच दिसतं. त्याच पोराला तोच बीम इथे आणून जोडू द्या. आणि क्रीलवरून (सुताचे कोन लावायच्या घोडीवरून) किती कोन आले, मधे किती तुटले, हे त्याने नोंदवहीत लिहून आणावं. ती नोंदवही सल्लागाराच्या तपासणीलाही चालते.

---

पूर्वभाग_टॉवेल

ठीक. दोन दहावीवाले आणि एक आयटीआय फिटर, असे तीन घेतो. पहिल्या महिन्यात बँकेचं मॅपिंग आणि आधार, मग करार. जुन्या बीमची टोकं आजपासून फेकायची बंद.

---

फणीकर

पांढरी आणि रंगीत वेगळी ठेवा. ग्राउंडला पांढरं, पाईलला रंगीत घेतलं की शिकताना कुठली तार कुठल्या घरात गेली ते लांबून कळतं.